चतुराचा डोळा नेमका कसा टिपावा

आपल्याकडे कीटकांचे फोटो काढायला सप्टेंबर-ऑक्टोबर सगळ्यात चांगले. पावसाचा जोर ओसरलेला, गवत अजून हिरवं आणि पाण्याच्या कडेला चतुर (ड्रॅगनफ्लाय), टाचण्या (डॅमसेलफ्लाय) भरपूर. मी पुण्यात पाषाण तलावाच्या बाजूला जातो, पण सुरुवात कुंडीतल्या कढीपत्त्यापासूनही होते. त्याच्या पानावर पक्ष्याची शीट पडल्यासारखं काही दिसलं तर झटकू नका. लिंबू-कढीपत्त्यावर वाढणाऱ्या फुलपाखराची ती लहान अळी असू शकते. मोठी झाली की हिरवीगार होते आणि कुणी डिवचलं तर डोक्यामागून तांबूस, दुभंगलेलं शिंग काढून उग्र वास सोडते. तो फोटो मिळावा म्हणून तिला मुद्दाम त्रास देऊ नका.

सकाळी ऊन तापायच्या आत जा, तेव्हा कीटक सुस्त असतात. कॅमेरा असेल तो चालेल.

खरी अडचण फोकसची. इतक्या जवळून फोटो काढताना स्पष्ट येणारा पट्टा जेमतेम काही मिलिमीटरचा असतो. पहिले दोन पावसाळे माझ्या फोटोंत चतुराचे पंख लख्ख आणि डोळे धूसर यायचे. ॲपर्चर, म्हणजे भिंगातलं उजेड आत घेणारं छिद्र, पूर्ण उघडा, मागचं छान पुसट होतं, असं मला सगळे सांगायचे. कीटकांसाठी हा सल्ला साफ चुकीचा आहे, कारण छिद्र मोठं केलं की स्पष्ट पट्टा आणखी अरुंद होतो. ॲपर्चर एफ-८ ते एफ-११ ठेवा (आकडा मोठा तसं छिद्र लहान), शटर १/२५० सेकंद किंवा त्याहून वेगवान. उजेड कमी पडला तर आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता, वाढवा, फोटोत थोडे दाणे आले तरी चालतात.

मग ऑटोफोकस बंद करा. तो हमखास पुढच्या गवताच्या काडीवर जाऊन बसतो. अंतर एकदा ठरवा आणि भिंगावरच्या फोकसच्या रिंगला हात लावू नका. कोपरं बरगड्यांना टेकवा, श्वास रोखा आणि कमरेतून किंचित पुढे-मागे व्हा. डोळा स्पष्ट दिसला की लागोपाठ पाच-सहा फोटो. मोबाइलवर बोट दाबून धरून फोकस लॉक करा आणि तसंच हला. फुलपाखरू पंख मिटून बसलं असेल तर कॅमेरा पंखाला समांतर धरा, नाहीतर अर्धा पंख हातचा गेलाच.

जवळ जाताना आपली सावली त्याच्यावर पडू देऊ नका. लांबूनच वाका, शेवटच्या क्षणी वाकलात की ते उडतं. चतुर उडाला तर त्याच्यामागे धावू नका, तिथेच थांबा. बरेच चतुर फिरून त्याच काडीवर येतात, म्हणून फोकस आधी काडीवर लावून ठेवा.

कीटक फ्रिजमध्ये ठेवून गारठवायचा आणि मग फोटो काढायचा, असंही काही जण शिकवतात. हे अजिबात करू नका. तो जीव आहे, आणि मरगळून वेडावाकडा बसलेला चतुर फोटोत लगेच ओळखू येतो.

ओळख पटवायची तर एक फोटो बाजूने, एक वरून आणि एक तो बसलेल्या झाडाचा घ्या. तारीख आणि जागा तिथल्या तिथे लिहून ठेवा.