छऱ्याची जुनी बंदूक, नवे छर्रे : या चुका टाळा

हुरड्याचे दिवस आले की मराठवाड्यातल्या कितीतरी माळवदाच्या घरांतून जुन्या एअर रायफली बाहेर निघतात. दस्त्याचं पॉलिश उडालेलं, लोखंडावर थोडा तांबूसपणा, पण नळी अजून सरळ. शेतात डबा टांगायचा, दहा मीटरवरून नेम धरायचा, पोरांना शिकवायचं. चांगलीच गोष्ट आहे. पण चार दिवसांत फोन येतो, "काका, बंदुकीत दम राहिला न्हाई, नवी घ्यावी का?" बहुतेक वेळा बंदूक धडधाकट असते. चुकलेला असतो तो छर्रा.

आधी कायद्याचं. ४.५ मिलिमीटर नळीच्या आणि २० जूलच्या आतल्या जोराच्या (जूल हे छर्ऱ्याच्या जोराचं माप) एअर रायफलीला २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवाना लागत नाही. म्हणून ती काही खेळणं होत नाही. पोपट, तितर, ससा यांच्यावर ती रोखणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. ज्वारीवरची पाखरं हाकायला गोफण आहे. ज्याला पाखरंच मारायची आहेत त्याने माझ्याकडे सल्ला मागायला येऊ नये.

हाताला लागेल ते नळीत घालणं

या चुकीने जितक्या नळ्या वाया गेल्या तितक्या गंजानेही गेल्या नसतील. सेलूकडच्या एका घरातली गोष्ट सांगतो. दिवाळीच्या सुट्टीत पोरांचे छर्रे संपले. बाजार दूर, धीर कुणाला? सायकलच्या दुकानातून चाकातले पोलादी छर्रे आणले. त्यातले बारीक होते ते नळीतून घरंगळून खाली पडले. मग मोठे घेतले, ३/१६ इंचाचे, म्हणजे ४.७६ मिलिमीटर. नळी ४.५ ची. "बसंना म्हणून जरा ठोकला," असं मला नंतर सांगितलं. ठोकला तो अडकला. तो काढायला तोंडाकडून सळई घातली, सळईवर हातोडा मारला. बंदूक माझ्याकडे आली ती गोणपाटात गुंडाळून. जाणकार कारागिराने गोळी काढून दिली, पण आतले पीळ, म्हणजे छर्ऱ्याला गिरकी देणाऱ्या वळणदार खाचा, खरवडले गेले होते आणि नळीच्या तोंडाची कड एका अंगाला दबली होती. छर्रा नळी सोडताना शेवटचा स्पर्श त्या कडेचा असतो. ती वाकडी झाली की मागची हवा एका बाजूने आधी निसटते आणि छर्रा भरकटतो. पणजोबांपासून जपलेली रायफल, आता तिच्याने दहा मीटरवरचा तांब्या लागत नाही. तीस-चाळीस रुपयांचे छर्रे आणायला दुसऱ्या दिवसापर्यंत थांबता आलं असतं.

पोलादाचं आणखी एक वाईट म्हणजे ते दगडावरून उलटून येतं. वाड्याच्या काळ्या दगडी भिंतीवर तर कसलाही छर्रा मारू नका. वाळूने भरलेली पेटी ठेवा आणि डोळ्यांवर चष्मा घाला, बघणाऱ्यांच्याही.

शिशाचा छर्रा मऊ असतो तो उगाच नाही. त्याचा आकार डमरूसारखा, मधे बारीक. पुढचं डोकं नळीच्या पिळांवर अलगद टेकून चालतं, मागचा पोकळ घेर हवेच्या दाबाने फुगून नळीला घट्ट बसतो. डोक्याने दिशा धरायची आणि घेराने हवा अडवायची. म्हणून डब्यावर ४.५० लिहिलंय की ४.५२, हे बघावं लागतं. दोन शतांश मिलिमीटर डोळ्याला दिसत नाहीत, पण नळीला कळतात.

डब्यावरचं चित्र बघून निवड करणं

टोकदार छर्रे दिसायला झकास, म्हणून नवशिके तेच उचलतात. दहा मीटरवर कागदाला सपाट डोक्याचा छर्रा स्वच्छ गोल भोक पाडतो, पंचवीस मीटरपर्यंत जायचं तर गोल डोक्याचा बरा. टोकदाराने जुन्या रायफलीतून गट जमलेला, म्हणजे एकाच नेमाने मारलेले छर्रे जवळजवळ पडलेले, मी क्वचितच पाहिले आहेत.

दुसरा हट्ट वजनाचा. "जड छर्रा, जोरात लागणार." या रायफलीत स्प्रिंग दट्ट्याला पुढे ढकलते आणि दट्ट्या हवा दाबून छर्रा उडवतो. जड छर्रा हलायला वेळ लागतो, तेवढ्यात पुढे दाबलेली हवा दट्ट्यालाच मागे उसळवते. छर्रा मंद निघतो, नेमाच्या खाली पडतो, स्प्रिंगला धक्का बसतो तो वेगळाच. फार हलका घेतला तर दट्ट्याला पुढे पुरेसा अडसर उरत नाही आणि तो जाऊन आपटतो. मी जुन्या रायफलीला साधारण ०.४५ ते ०.५५ ग्रॅमच्या मधला छर्रा देतो आणि तिथून हलत नाही.

त्यापुढे कुठला, हे नळीच सांगते. एकाच कारखान्याच्या, एकाच नमुन्याच्या दोन रायफलींना वेगळे छर्रे मानवतात. शेजाऱ्याला जमला म्हणून पाच डबे घेऊन येऊ नका. तीन-चार प्रकारांचा एकेक डबा घ्या. प्रत्येक छर्रा अंगठ्याने बसवून बघा. हलका विरोध करत बसला तर ठीक. आपोआप आत गेला तर सैल, नख दुखेपर्यंत दाबावा लागला तर मोठा. मग चिंध्यांनी गच्च भरलेल्या पोत्यात दोन-चार मारून ते परत काढा आणि भिंगाखाली बघा. घेरावर पिळांचे वण सगळीकडून सारखे हवेत, डोक्यावर पुसटसे. एकाच बाजूला वण दिसले तर तो छर्रा या नळीचा नाही.

त्यानंतर कागद. प्रकार बदलला की पहिले दहा-पंधरा मोजायचे नाहीत, नळीला नव्या शिशाची सवय होऊ द्या. मग पाच-पाचचे निदान दोन गट. मधेच नेम धरायची माशी फिरवायची नाही. गट कागदावर कुठे पडला याला महत्त्व नाही, किती आवळून पडला याला आहे. लोक तीन छर्रे मारतात, माशी फिरवतात, आणखी दोन मारतात आणि डब्याला नावं ठेवतात. अख्खी सकाळ देता येत नसेल तर ही चाचणी करूच नका.

चाचणी करताना रायफल आवळून धरू नका, वाळूच्या पिशवीवर थेट टेकवूही नका. पिशवीवर आपला तळवा, तळव्यावर रायफल. स्प्रिंगची बंदूक छर्रा नळीत असतानाच पुढे-मागे हलते, तिला दर वेळी सारखंच हलू द्यायचं.

बाकीच्या

यात्रेतल्या फुग्यांच्या दुकानातले सुटे छर्रे विकत घेणं: तीन पावलांवरचा फुगा फोडायला ते पुरतात, त्यापलीकडे नाही.

रिकामी बंदूक वाजवून दाखवणं. मुळीच नाही.

स्प्रिंग चढवून रायफल कोपऱ्यात उभी ठेवणं: स्प्रिंग बसते आणि घरात लेकरं असतात.

दम गेला की तेल ओतणं. खोबरेल, शिलाई मशीनचं, जे असेल ते. आतली हवा दाबली की इतकी तापते की तेल पेट घेतं, धूर निघतो, आवाज मोठा होतो आणि लोकांना वाटतं जोर वाढला. दट्ट्याचा वॉशर मात्र जळतो. दम गेल्याची शंका असेल तर छर्रा भरायला नळी जिथे वाकवून उघडतात त्या सांध्यावर पातळ टिश्यू कागदाची पट्टी ठेवा आणि छर्रा भरून वाळूत मारा. पट्टी उडाली तर सांध्यातला रबरी वॉशर बदला, छर्रे बदलून उपयोग नाही.

छर्रे खिशात सुटे टाकून एसटीने गावाला नेणं: पोचेपर्यंत निम्म्यांचे घेर चेपलेले असतात. मी डब्यात वरून कापसाचा थर घालतो आणि भरण्याआधी प्रत्येकाचा घेर बघतो. चेपलेला वेगळ्या वाटीत.

छर्रे ओठांत धरून एकेक भरणं. शिसं विष आहे. पोरांना तर पहिल्याच दिवशी हे बजावा, आणि हुरड्याला हात घालण्याआधी सगळ्यांनी साबणाने हात धुवा.