ब्रेड मशीनमधले गोड रोल: गोव्याच्या हवेत या चुका टाळा

ब्रेड मशीन पीठ मळून फुगवून देते, पण ती घड्याळावर चालते. पिठाकडे पाहणे हे आपले काम, आणि नेमके तेच टाळले जाते. बटण दाबायचे, दीड तासाने झाकण उघडायचे आणि रोल बिघडले की यीस्टला शिव्या घालायच्या. यीस्टचा दोष क्वचितच असतो.

आधी प्रमाण: मैदा ४०० ग्रॅम, दूध १८० मिली, अंडे १, साखर ६० ग्रॅम, लोणी ५० ग्रॅम, मीठ ६ ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट ६ ग्रॅम. यात १२ रोल होतात.

दूध कोमट करून घालणे

थंड देशातल्या पाककृतीत ‘कोमट दूध’ लिहिलेले असते आणि ते इथे जसेच्या तसे उचलले जाते. गोव्यात मे महिन्यात स्वयंपाकघरच ३२-३३ अंशांवर असते. त्यात मळताना घर्षणाने पीठ तापते, आणि फुगवण्याच्या टप्प्यात मशीन भांडे आणखी गरम करते. मग नेहमी एकच क्रम घडतो. लोणी पाघळून पीठ तेलकट, चकचकीत दिसू लागते. ते भांड्याच्या कडा सोडत नाही म्हणून घाईने मूठभर मैदा टाकला जातो, मग आणखी एक मूठ. मशीनची सायकल, म्हणजे मळण्या-फुगवण्याचा ठरलेला क्रम, संपेपर्यंत गोळा झाकणाला टेकून खाली बसलेला असतो आणि त्याला आंबूस, दारूसारखा वास येतो. भाजल्यावर रोल वरून फिके, आतून भरड आणि थंड झाले की दगड. एवढे सगळे कोमट दुधापायी, आणि दोष मात्र मैद्याच्या ब्रँडला.

दूध थेट फ्रिजमधून काढून घाला. त्यातले २० मिली बाजूला ठेवा. लोणी सुरुवातीला नको. मळणे सुरू होऊन पाच मिनिटे झाली की लहान तुकडे करून टाका. आठव्या मिनिटाला झाकण उघडून बोट लावून पाहा. पीठ बोटाला किंचित चिकटून सुटले पाहिजे. कोरडे वाटले तरच राखलेले दूध चमच्याचमच्याने घाला. पावसाळ्यात मैदा हवेतला ओलावा ओढून घेतो, तेव्हा ते दूध बहुतेक वेळा लागतच नाही. पीठ सैल झालेच, तर मैदा ओतण्याआधी मशीन थांबवून दहा मिनिटे विसावू द्या. बरेचसे आपोआप सावरते.

उन्हाळ्यात मळणे संपले की गोळा सरळ बाहेर काढावा आणि तेल लावलेल्या टोपात झाकून ठेवावा. तो दुप्पट झाला की पुढचे काम, घड्याळात कितीही वाजलेले असोत. लाटण्यापूर्वी २० मिनिटे फ्रिजमध्ये ठेवला तर हाताला चिकटत नाही.

ओले चूण भरणे

दालचिनी-साखरेऐवजी नारळ-गुळाचे चूण भरणे उत्तमच, पण नेवऱ्यांना (गोव्यातल्या करंज्यांना) चालणारे चूण रोलला चालेलच असे नाही. नेवरीचे आवरण घट्ट असते आणि ती तळली जाते. रोलमध्ये मऊ पिठाचे थर असतात, आणि ओव्हनमध्ये गूळ पुन्हा पातळ होतो. मग थर एकमेकांपासून सुटतात, रस तळाशी उतरून करपतो आणि रोल टिनला चिकटून बसतात.

२०० ग्रॅम ओल्या खोबऱ्याला १२० ग्रॅम गूळ पुरे. मंद आचेवर इतके आटवा की चमच्याने दाबल्यावर कडेला पाक दिसता कामा नये. माडाचा काळा गूळ मऊ असेल तर जास्त वेळ लागतो. शेवटी चमचाभर भाजलेला रवा मिसळा. चूण पूर्ण गार होऊ द्या. गरम चूण पसरले की आतले लोणी वितळते आणि गुंडाळतानाच पीठ फाटते. साधारण ४० बाय ३० सेंटीमीटरची पोळी लाटा आणि लांब बाजूची २ सेंटीमीटर कड मोकळी सोडा, नाहीतर रोल मिटत नाही.

बाकीच्या चुका

दालचिनी पिठात घालू नका, ती यीस्टला मंदावते. ती सारणातच हवी.

‘रॅपिड’ सायकलवर गोड पीठ करू नका. साखर जास्त असली की यीस्ट सावकाश काम करते, घाई केली तर रोल घट्टच होणार.

यीस्टचे उघडे पाकीट ओट्यावर ठेवू नका. घट्ट बरणीत, फ्रिजमध्ये ठेवा. शंका असेल तर अर्धी वाटी कोमट पाण्यात चमचाभर साखर आणि थोडे यीस्ट घाला. दहा मिनिटांत फेस आला नाही तर फेकून द्या.

पावसाळ्यात वीज गेली तर घाबरू नका, पण वीज आल्यावर सायकल पहिल्यापासून लावू नका. मळून झाले असेल तर गोळा बाहेर काढून हाताने पुढे जा.

सुरीने कापले की रोल चेपतात. दोरा खालून घेऊन वर फुली मारून ओढा.

रोल टिनमध्ये लावल्यावर पुन्हा फुगू द्या. उन्हाळ्यात अर्धा तास पुरतो. बोटाने दाबल्यावर खळगा सावकाश भरून आला की ओव्हनमध्ये घाला. ओव्हन आधी तापवून १८० अंश, मधला खण, २२ ते २५ मिनिटे. साखरेमुळे वरचा रंग लवकर येतो, म्हणून पंधरा मिनिटांनी फॉइल झाका आणि रंग पाहून रोल बाहेर काढू नका. मधला रोल आत कच्चा असतो.

ओल्या नारळाचे सारण या हवेत लवकर आंबते. त्याच दिवशी संपणार नसतील ते रोल गार झाल्यावर फ्रीझरमध्ये टाका. फ्रिजच्या खालच्या खणात ते नुसते वातड होतात.