परदेशात चार-सहा महिने राहायला निघालात? या चुका टाळा

तिकडे थंडी किती, शाकाहारी जेवण मिळेल का, याची चौकशी सगळेच करतात. पण मुक्काम लांबला की घोळ होतात ते बहुतेक मुंबईत मागे ठेवलेल्या गोष्टींचे, आणि ते तिकडून निस्तरणं महाकठीण.

सगळ्यात आधी फोन. तिकडचं सिम घालायला जागा हवी म्हणून भारतातलं सिम काढून पाकिटात ठेवायचं, ही नेहमीची चूक. महिन्याभराने सोसायटीचा मेंटेनन्स भरायला बसलात की ओटीपी जातो त्या पाकिटातल्या सिमवर. ते फोनमध्येच राहू द्या, त्याचं डेटा रोमिंग बंद ठेवा आणि तिकडच्या इंटरनेटसाठी ई-सिम, म्हणजे कार्ड न घालता फोनमध्ये चालू होणारं सिम, घ्या. रोमिंगमध्ये आलेल्या एसएमएसला सहसा पैसे पडत नाहीत. मात्र आंतरराष्ट्रीय रोमिंग निघण्याआधी सुरू करून घ्या आणि रिचार्ज परत येईपर्यंत पुरेल असा मारा. ओटीपी येईनासा झाला तर आधी रिचार्जची मुदत बघा, मग सेटिंगमध्ये जाऊन दुसरं नेटवर्क स्वतः निवडून बघा. पुष्कळदा तेवढ्याने काम होतं. तिकडे स्वस्त मिळाला तर नवा फोन खुशाल घ्या, पण बँकेचं आणि यूपीआयचं ॲप त्यात हलवायची घाई नको. पडताळणीचा एसएमएस आपल्या सिमवरून जावा लागतो आणि रोमिंगवर तो बरेचदा अडकतो.

तिकडे कार्डाने पैसे देताना दुकानातल्या मशीनने रुपयात पैसे घेऊ का विचारलं तर नाही म्हणा. तिथल्याच चलनात द्या. रुपयाचा दर ते आपल्या सोयीने लावतात.

आता घर. निघायच्या गडबडीत नळाला पाणी नसतं, कुणीतरी नळ सोडून बघतं आणि तो तसाच उघडा राहतो. सकाळी पाणी आलं की तुम्ही विमानात आणि खालच्यांच्या छताला ओल. म्हणून मेन कॉक बंद केल्याशिवाय कुलूप लावायचं नाही. गॅसचाही व्हॉल्व्ह बंद. फ्रिज रिकामा करून, पुसून, दार किलकिलं ठेवायचं. दुसरी गोष्ट कुणी सांगत नाही: मोरीतल्या नहाणी ट्रॅपमधलं, म्हणजे जाळीखाली साठून वास अडवणारं, पाणी काही आठवड्यांत सुकतं, मग गटाराचा वास आणि झुरळं थेट घरात. जाताना प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी आणि त्यावर चमचाभर खाद्यतेल ओता, म्हणजे पाणी सावकाश उडतं. त्याहून बरं म्हणजे शेजारी किल्ली ठेवणं. पावसाळ्यात जाणार असाल तर किल्ली ठेवाच, कारण बंद कपाटातल्या चामड्याच्या चपलांना आणि पैठण्यांना बुरशी धरायला जुलैचा एक महिना पुरतो. किल्ली देताना संकोच करणारे लोक मला कधी कळले नाहीत.

व्हिसाच्या बाबतीत एकच घोटाळा पुन्हा पुन्हा होतो. मुलीच्या बाळंतपणाला अमेरिकेला जाणारे आईबाबा पासपोर्टवरचा दहा वर्षांचा व्हिसा बघून निर्धास्त असतात. तिथे किती दिवस राहता येईल ते मात्र विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. ती तारीख आय-९४ या नोंदीत असते, ती उतरल्यावर ऑनलाइन बघून घ्या. युरोपात शेंगेनचे, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणारे, २९ देश मिळून कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं, आणि पोचल्याचा व निघाल्याचा दिवसही त्यात धरतात. मध्ये आठवडाभर शेंगेनबाहेर, लंडनला जाऊन आलं की मोजणी नव्याने सुरू होते, हा निव्वळ गैरसमज. १२ ऑक्टोबर २०२५ पासून येण्याजाण्याची नोंद पासपोर्टवरच्या शिक्क्याऐवजी संगणकावर घ्यायला सुरुवात झाली आहे, तेव्हा शिक्का पुसट आल्याच्या सबबीवर भिस्त ठेवू नका.

केंद्र सरकारी पेन्शनरांनी नोव्हेंबर लक्षात ठेवावा. हयातीचा दाखला राहिला तर पेन्शन अडकते. चेहरा दाखवून ॲपवर दाखला काढायची सोय आहे. ती कशी चालते हे निघण्याआधी नातवंडांकडून शिकून घ्या.

दुबईमार्गे जात असाल तर सामानात खसखस नको, तिथे तिच्यावर बंदी आहे. अनारशांवरचीसुद्धा धोका पत्करण्याजोगी नाही. औषधांच्या मूळ चिठ्ठीवर ब्रँडऐवजी औषधाचं नाव लिहून घ्या, कारण क्रोसिन म्हटलेलं तिकडच्या केमिस्टला कळेलच असं नाही.

आणि तारीख. मुंबईहून बरीच आंतरराष्ट्रीय विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर १२ तारखेचे रात्री दीड असेल तर घरातून ११ तारखेला रात्री जेवूनच निघायचं. टॅक्सीही त्याच तारखेची सांगा.