जिप्सीसाठी मागचा बंपर: आधी चॅसी, मग पत्रा

मारुती जिप्सीचा मूळ मागचा बंपर म्हणजे दिसण्यापुरता पत्रा. दगडावर टेकला की वाकतो, जॅक लावायला जागा नाही आणि अडकलेली गाडी मागे ओढायची तर भरवशाचा हुक नाही. म्हणून बहुतेक जण पाच-सहा मिमीच्या जाड प्लेटचा डबा घडवून घेतात. तो दिसायला दणकट असतो, पण चॅसीला दोन-दोन बोल्टांवर लटकलेला असतो. पहिल्या जोरदार ओढीत बंपर शाबूत राहतो आणि रेलची, म्हणजे चॅसीच्या लांब उभ्या लोखंडी दांड्यांची, भोकं लांबट होतात. कामाचा क्रम उलटा हवा. आधी चॅसीची पकड, मग मधला बीम आणि ओढायचे कान, पत्र्याचं तोंड सगळ्यात शेवटी.

ही कृती जिप्सी धरून लिहिली आहे, पण शिडीसारखी चॅसी असलेल्या कुठल्याही गाडीला चालेल. मापं मात्र आपल्याच गाडीवरून घ्या. दोन जुन्या जिप्सींच्या चॅसीची शेपटी क्वचितच सारखी निघते, कुठेतरी कधीतरी मागून ठोकर बसलेली असतेच.

कायद्याचं आधी बोलून घेऊ. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत फेरफार करता येत नाही. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने क्रॅश गार्ड आणि बुल बारवर कारवाई करायला राज्यांना कळवलं होतं. त्यामुळे रोजच्या रस्त्यावरच्या गाडीला असा बंपर लावायचा तर आधी आरटीओ आणि विमा कंपनीकडे विचारा. फक्त ऑफरोड स्पर्धेसाठी किंवा शेतावर ठेवलेल्या गाडीचा प्रश्न वेगळा. दोन्हीकडे एक पथ्य पाळा: बंपर बॉडीच्या रुंदीबाहेर जाऊ देऊ नका आणि कोपरे गोल ठेवा. मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याच्या गुडघ्याची उंची नेमकी तीच असते.

वजनाचा हिशेब

लोखंडाचं वजन काढणं सोपं आहे. एक चौरस मीटर पत्रा, एक मिमी जाडी, ७.८५ किलो. म्हणजे ३ मिमीचा पत्रा चौरस मीटरला साडेतेवीस किलो आणि ५ मिमीचा एकोणचाळीसच्या पुढे. जिप्सी जेमतेम टनाची गाडी, व्हीलबेस (पुढच्या-मागच्या अॅक्सलमधलं अंतर) २३७५ मिमी. मागच्या अॅक्सलच्या ९०० मिमी मागे ५० किलो टांगले, तर मागच्या अॅक्सलवर सुमारे ६९ किलो वाढतात आणि पुढच्या अॅक्सलवरून १९ किलो उचलले जातात. घाट चढताना स्टिअरिंग हलकं लागतं, मागचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) बसतात आणि मग लोक पाट्यांना दोष देतात. स्टेपनी सोडून सगळं मिळून ४५ किलोच्या आत बसवायचं, हे कागदावर आधीच ठरवा.

साहित्य असं घ्या: मधल्या बीमसाठी १०० × ५० × ४ मिमीचा चौकोनी पाइप, साधारण १.४५ मीटर (मीटरला साडेआठ किलोच्या आसपास). चॅसीला लागणाऱ्या प्लेटा ८ मिमीच्या, ओढायचे कान २५ मिमीचे म्हणजे आठ सूत, तोंडाचा पत्रा ३ मिमी. प्लेट आणि पत्रा आयएस २०६२ चा, काळा. स्वस्तात मिळतो म्हणून जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पाइप उचलू नका. वेल्डिंगला जस्ताचा धूर निघतो, छातीत बसतो, ताप येतो आणि टाक्यात भोकं पडतात ती वेगळीच. बीमला सी-चॅनलही नको. स्टेपनीचा हात उघडला की बीमला पीळ बसतो. बंद पाइप तो पेलतो, उघडं चॅनल पिळवटतं.

चॅसीची पकड

जुना बंपर काढला की रेलच्या मागच्या टोकापासून पुढे हातभर हातोडीने ठोकत जा. खणखणीत वाजलं तर ठीक. बद्द वाजलं किंवा पोपडा सुटला तर आतून गंज आहे. कोकणात वावरलेल्या गाड्यांमध्ये चिखल या शेपटीत साचून राहतो आणि रेल आतून खाल्ली जाते. तिथे बंपरचा विचार बाजूला ठेवून आधी रेल कापून नवी जोडून घ्या.

प्रत्येक बाजूची प्लेट रेलला किमान २०० मिमी तरी बिलगलेली हवी. बोल्ट एका बाजूला निदान तीन, एम-१२, १०.९ ग्रेडचे, एका ओळीत न घेता वर-खाली. दोन भोकांच्या केंद्रांत ३६ मिमीहून जास्त अंतर ठेवा आणि प्लेटच्या कडेपासून २० मिमी सोडा. भोकं रेलच्या उभ्या बाजूंनाच पाडा. वरच्या-खालच्या बाजूला ड्रिल लावलं की चॅसीचा जीवच कमी होतो.

आता ज्याकडे सर्रास डोळेझाक होते ते काम. रेल पोकळ आहे. आरपार बोल्ट घालून आवळला की दोन्ही भिंती आत दबतात, बोल्ट घट्ट वाटतो आणि महिन्याभरात सैल होतो. उपाय म्हणजे स्लीव्ह. बाहेरून २० मिमी, आतून १३ मिमीची नळी लेथवर कापून घ्या. रेलच्या बाहेरच्या भिंतीला २० मिमीचं भोक, आतल्या भिंतीला १३ चं. स्लीव्ह बाहेरून घालायची, आतल्या भिंतीला टेकवायची, बाहेरच्या भिंतीशी सपाट करून कडेने वेल्डिंग फिरवायची आणि घासून घ्यायची. मग बोल्ट ११० न्यूटन-मीटरच्या आसपास बिनधास्त आवळता येतो. नट नायलॉकचा, दोन्हीकडे कडक वॉशर.

वेल्डिंगपूर्वी बॅटरीच्या दोन्ही वायरी काढा. एमपीएफआय (इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शनच्या) गाडीत ईसीयूचा, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचा, कनेक्टरही सोडवा. पेट्रोलची टाकी याच भागात असते. ती उतरवून लांब ठेवा, ओल्या गोणपाटाने झाकून भागवू नका. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक, कारण तिच्यात वाफ असते.

बीम आणि कान

दोन्ही प्लेटा रेलवर बोल्टने कसल्या की त्यांच्यामध्ये बीम आडवा धरून बघा. लेव्हल जमिनीला लावू नका, चॅसीला लावा. जमीन कधीच सपाट नसते, आणि पाटे एका बाजूला बसलेले असतील तर गाडीही तिरकी उभी असते.

बीमची उंची ठरवताना डिपार्चर अँगल बघा, म्हणजे मागची बाजू जमिनीला न टेकता गाडी किती तीव्र उतारावरून उतरू शकते तो कोन. मागच्या टायरचा जमिनीला टेकणारा भाग आणि बंपरची खालची कड यांत आडवं अंतर ६०० मिमी आणि कड ४५० मिमी उंच असेल तर कोन साधारण ३७ अंश येतो. कड ८० मिमी वर घेतली की तो ४१ च्या पुढे जातो. सायलेन्सरचं टोक मात्र या रेषेखाली राहू देऊ नका, नाहीतर पहिला मार तेच खाईल.

दुसऱ्या बाजूला, बॉडी आणि बंपर यांच्यात १५ ते २० मिमी फट ठेवाच. बॉडी रबरी माउंटवर बसलेली असते, बंपर थेट चॅसीवर. गाडी तिरक्या नाल्यात पिळली की दोन्ही वेगवेगळ्या हलतात. फट नसेल तर बंपरची वरची कड बॉडीचा कोपरा खाते, आणि तिथून गंज सुरू होतो.

ओढायचे कान अगदी रेलच्या रेषेत बसवा, मध्यभागी एक नाही. मध्यभागी ओढलं की बीम धनुष्यासारखा वाकू पाहतो. रेलच्या रेषेत ओढलं की जोर सरळ चॅसीत जातो. ४.७५ टनी डी-शॅकलची (दोर अडकवायच्या डी आकाराच्या कडीची) पिन २२ मिमी असते, तोंडाची रुंदी ३२ च्या आसपास. म्हणून कान २५ मिमी जाड आणि भोक २५ मिमी. भोकाभोवती चहूबाजूंनी किमान २५ मिमी लोखंड राहू द्या. कडा ग्राइंडरने गोल करा. दोरीचं सॉफ्ट शॅकल वापरणार असाल तर भोकाची कड बोट फिरवून कुठेही बोचणार नाही इतकी गोल हवी.

कान बीमच्या तोंडावर नुसता चिकटवायचा नाही. बीमच्या दोन्ही भिंतींत साडेपंचवीस मिमीची खाच कापा, कान आरपार घाला, पुढून-मागून वेल्डिंग करा आणि आतलं टोक ८ मिमीच्या प्लेटला जोडा. इथे एक गोम आहे. २५ मिमीची जाडी उष्णता शोषून घेते आणि ४ मिमीची भिंत वितळून जाते. टाका वरून सुबक दिसतो, पण जाड लोखंडाला धरलेलाच नसतो. कान आधी गॅसवर शंभर अंशांपर्यंत तापवा आणि आर्क जाड बाजूला जास्त ठेवा. रॉड ई-७०१८, पण पाकीट उघडं पडलेलं नको. तो दमट झाला की टाक्याला तडे जातात. ३०० ते ३५० अंशांवर तासभर भाजून वापरा. ओव्हन नसेल तर एमआयजीवर (तारेच्या वेल्डिंग मशीनवर) करून घ्या. साध्या ६०१३ रॉडने पत्र्याचं तोंड जोडा, कान नको.

गाडीवर फक्त टॅक (तात्पुरते छोटे टाके) मारायचे. मग दोन्ही माउंट प्लेटांच्या मोकळ्या टोकांत एक आडवा अँगल टॅक करून बंपर उतरवा आणि पूर्ण वेल्डिंग जमिनीवर करा. अँगल नसेल तर थंड होताना प्लेटा दोन-तीन मिमी आत ओढल्या जातात आणि बंपर परत चढत नाही. चाळीस-पन्नास मिमीचे टाके, एक डावीकडे एक उजवीकडे, मध्ये थंड होऊ देत. घाईने पाणी ओतायचं नाही.

स्टेपनीचा हात

जिप्सीची स्टेपनी मागच्या दारावर असते. मोठा टायर घातला की दाराच्या बिजागऱ्या कुरकुरायला लागतात. म्हणून बंपरवर फिरणारा हात. स्पिंडल (हात ज्याभोवती फिरतो तो उभा खुंट) दाराच्या बिजागऱ्यांच्याच बाजूला घ्या, म्हणजे हात आणि दार एकाच दिशेला उघडतील.

नुसत्या नळीत नळी फिरवून बुश घातला तर पहिल्या पावसाळ्यात हात खाली झुकतो. ३०२०५ नंबरच्या दोन टेपर रोलर बेअरिंग घ्या: आतून २५ मिमी, बाहेरून ५२. दोन्हींत ८० ते १०० मिमी अंतर. चाक आणि हात मिळून ३५ किलो आणि ते स्पिंडलपासून ७०० मिमीवर असले, तर स्पिंडलवर सुमारे २४० न्यूटन-मीटरचा वाकवणारा जोर येतो. बेअरिंगला तो किरकोळ आहे, खरी परीक्षा स्पिंडलच्या मुळाची. तिथे व्यास ३८ ते ४० मिमी ठेवा, बीमच्या वरच्या-खालच्या दोन्ही भिंतींतून आरपार घाला आणि दोन्हीकडे वेल्डिंग करा. लेथवाला बहुधा ईएन-८ देईल. त्यात कार्बन जास्त, थंडपणी वेल्डिंग केलं तर कडेने तडकतं. दीडशे-दोनशे अंशांपर्यंत तापवा, नंतर कोरड्या वाळूत किंवा राखेत सावकाश निवू द्या.

बेअरिंग सगळं वेल्डिंग संपल्यावरच घाला. हातावर नंतर एखादा टाका मारायची वेळ आलीच तर अर्थिंगचा चिमटा त्याच हातावर लावा. करंट बेअरिंगमधून गेला की रोलरवर खड्डे पडतात आणि हात खरखरत फिरतो. कॅसल नट हात जड होईपर्यंत आवळा, मग किंचित मागे घ्या, हात हलका फिरला पाहिजे पण खुळखुळता कामा नये. स्प्लिट पिन, वर ऑइल सील आणि झाकण.

चाक धरायच्या प्लेटला ५ × १३९.७ मिमी पीसीडीची (पाच भोकं, त्यांच्या केंद्रांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास १३९.७) भोकं, स्टड एम-१२ × १.२५. तीन स्टड पुरतात. बंद झाल्यावर हाताचं मोकळं टोक हवेत राहायला नको: त्याखाली चार-पाच मिमी उताराची जाड नायलॉनची टेकण द्या, म्हणजे बंद होताना हात तिच्यावर चढून बसतो. त्यावर ताणून बसणारा टॉगल क्लॅम्प. साधा कडी-कोयंडा लावला तर खडखड होते आणि त्या खडखडीनेच पुढे टाके तुटतात. उघड्या स्थितीत अडकवायला पिनही हवी, उतारावर चाक लावलेला हात सुटून अंगावर येतो.

पत्रा आणि रंग

तोंडाचा पत्रा आधी जाड पुठ्ठ्यातून कापा, गाडीवर चिकटवून बघा, मगच मापं लेझर कटिंगला द्या. भोसरी, सातपूर, वाळूज, कुठल्याही एमआयडीसीत काम होतं. ३ मिमीच्या पत्र्याला काटकोनात वाकवताना प्रत्येक घडीला साधारण ५ मिमी आणि ४५ अंशांच्या घडीला दीड मिमी वजा करावे लागतात. बेंडिंगवाल्याला त्याच्या डायचा आकडा विचारून मगच ड्रॉइंग पक्कं करा. नंबरप्लेट, तिचा दिवा आणि रिफ्लेक्टर हातामागे झाकले जात नाहीत ना, ते पुठ्ठ्यावरच कळतं. हायलिफ्ट जॅकची जीभ अडकायला खाच ठेवायची तर ती बीमला धरून ठेवा, पत्र्यात नको.

प्रत्येक बंद कप्प्याला सगळ्यात खाली ८ मिमीची भोकं पाडा. काळ्या पत्र्यावरची निळसर खपली ग्राइंडरच्या फ्लॅप डिस्कने पूर्ण काढा. ती राहिली तर प्रायमर तिच्यासकट निघतो. झिंक-रिच इपॉक्सी प्रायमर, वर पीयू (पॉलियुरेथेन) रंग. पावडर कोटिंग छान दिसतं, पण दगडाने टवका उडाला की आत गंज सरकत जातो आणि घरी डागडुजी करता येत नाही. आतल्या पोकळीत भोकांतून कॅव्हिटी वॅक्स मारा. दर पावसाळ्यानंतर पुन्हा.

बसवल्यावर शंभर किलोमीटरने आणि मग पहिल्या खडतर ट्रॅकनंतर सगळे बोल्ट टॉर्क रेंचने तपासा. आवळल्यावर बोल्टच्या डोक्यापासून प्लेटपर्यंत रंगाची एक रेघ ओढून ठेवा. रेघ तुटलेली दिसली तर बोल्ट नुसता आवळून पुढे जाऊ नका. तो काढून भोक बघा, आणि भोक लांबट झालं असेल तर स्लीव्ह बदला.