अक्कलदाढ काढल्यानंतर शेजारची दाढ शिवशिवत असेल तर

अक्कलदाढ काढून आठ-दहा दिवस झालेले असतात, टाके निघालेले असतात, गालाची सूज उतरलेली असते, आणि मग एका सकाळी गार पाण्याने चूळ भरताना जबड्याच्या मागच्या बाजूला अशी कळ जाते की दाढ खरोखर निघाली की नाही, अशी शंका यावी. बहुतेक वेळा ही कळ जखमेची नसून जखमेच्या पुढे उभ्या असलेल्या दाढेची असते. तुमच्या केसपेपरवर ३८ हा आकडा असेल तर खालची डावी अक्कलदाढ काढली आहे आणि शिवशिवणारी दाढ ३७ आहे. उजवीकडे हेच आकडे ४८ आणि ४७ असे असतात.

खालची अक्कलदाढ पुष्कळदा तिरकी किंवा आडवी अडकलेली असते आणि पुढच्या दाढेच्या पाठीला टेकलेली असते. ती काढताना थोडे हाड कोरावे लागते, आणि जखम भरल्यावर हिरडी पूर्वीपेक्षा किंचित खाली बसली तर पुढच्या दाढेच्या मुळाचा आजवर झाकलेला भाग उघडा पडतो. मुळावर एनॅमलचे कवच नसते, नुसता एक पातळ थर असतो, आणि तो झिजला की आतल्या डेंटिनमधल्या, म्हणजे दाताच्या मुख्य थरातल्या, सूक्ष्म नलिकांची तोंडे उघडी पडतात. गार किंवा आंबट पदार्थ लागताच या नलिकांतला द्रव हलतो आणि दाताच्या नसेला ते कळते.

येथेच बहुतेकांची चूक होते. कळ जाते म्हणून त्या कोपऱ्यात ब्रश न्यायचे टाळले जाते, तेथे किटण साचते, त्यातल्या जिवाणूंच्या आम्लामुळे नलिका उघड्याच राहतात, हिरडी सुजते आणि कळ वाढते. म्हणून जेथे दुखते तेथेच हळुवारपणे, पण रोज साफ करणे, हा माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा उपाय आहे. मऊ केसांचा, लहान डोक्याचा ब्रश घ्यावा. तोंड पूर्ण उघडले की गाल ताणला जातो आणि ब्रशला जागा उरत नाही, म्हणून तोंड अर्धवट मिटून ब्रश शेवटच्या दाढेच्या पाठीमागे वळवावा आणि न रगडता लहान गोल फिरवावा. पाणी कोमट घ्यावे. टाके असेपर्यंत मात्र जखमेबाबत डॉक्टरांनी सांगितले असेल तेच पाळावे. पहिले २४ तास जोराने चूळ भरू नये, त्यानंतर पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून हलकेच गुळण्या कराव्यात.

टूथपेस्ट पोटॅशियम नायट्रेट असलेली, फ्लोराइडयुक्त घ्यावी. तिचा गुण दोन-चार दिवसांत येत नाही. दिवसातून दोनदा नियमाने वापरली तर साधारण दोन ते चार आठवड्यांत फरक जाणवतो, आणि पुष्कळजण त्याआधीच निराश होऊन ती सोडून देतात. रात्री ब्रश झाल्यावर वाटाण्याएवढी पेस्ट बोटाने त्या दाढेला लावून फक्त थुंकावे, चूळ भरू नये. लिंबू सरबत, कोकम, चिंच यांनंतर लगेच ब्रश न करता अर्धा तास थांबावे. मिशरी आणि राखुंडी तर पूर्ण बंद करावी: दोन्ही उघडे मूळ घासून काढतात, आणि मिशरीतली तंबाखू जखम भरू देत नाही. लवंगेचे तेल जखमेत ओतू नये, त्याने हिरडी भाजते.

साधी शिवशिव क्षणभर टिकते आणि आठवड्यागणिक कमी होते. गार लागून गेल्यावरही कळ अर्ध्या मिनिटाहून अधिक रेंगाळत असेल, गरम चहाने ठणका लागत असेल, रात्री झोपमोड होत असेल किंवा चावताना कळ येत असेल, तर दाढेच्या पाठीला अक्कलदाढेआड लपलेली कीड, तडा किंवा नसेची सूज असू शकते आणि तेथे पेस्टचा उपयोग नाही. शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या ते पाचव्या दिवशी कानापर्यंत जाणारा ठणका आणि तोंडाला दुर्गंधी असेल, तर ती ड्राय सॉकेटची, म्हणजे जखमेतली रक्ताची गुठळी निघून हाड उघडे पडल्याची, लक्षणे असू शकतात. ओठ किंवा जीभ बधिर राहिली असेल तर तेही त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. दवाखान्यात जाण्यापूर्वी कळ गाराने येते की गरमाने, किती वेळ टिकते आणि चावताना येते का, एवढे कागदावर टिपून न्यावे.