जोडणीचं सॉफ्टवेअर टाकण्याआधी एका रिकाम्या फाइलने डेटाबेस तपासा

दाल मिलच्या वजनकाट्यावरचा डेटा ऑफिसच्या सर्व्हरवर आणायला जोडणीचं सॉफ्टवेअर टाकलं, की हमखास 'कनेक्शन फेल' येतं. चूक सॉफ्टवेअरची की डेटाबेसची, हे शोधण्यातच अर्धा दिवस जातो. लातूरच्या एका मिलमध्ये परवा हीच वेळ आली, तेव्हा ही युक्ती कामी आली. काट्याच्या कॉम्प्युटरवर एसक्यूएल सर्व्हर (मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस) असेल आणि ऑफिसात विंडोज, तर आधी हे करा.

१. ऑफिसच्या सर्व्हरवर रिकामी टेक्स्ट फाइल बनवा आणि तिचं एक्स्टेन्शन (नावातला टिंबानंतरचा भाग) बदलून यूडीएल (.udl, डेटाबेसची जोडणी साठवणारी विंडोजची फाइल) करा. एक्स्टेन्शन लपवलेलं असेल तर नाव बदलूनही ती टेक्स्ट फाइलच राहते. आधी 'व्ह्यू'मध्ये जाऊन ते दिसू द्या.

२. डबल क्लिक करा. 'प्रोव्हायडर'मध्ये एसक्यूएल सर्व्हरचा ओएलई डीबी (डेटाबेसशी बोलणारा ड्रायव्हर) निवडा.

३. 'कनेक्शन'मध्ये सर्व्हरच्या नावाच्या जागी काट्याच्या कॉम्प्युटरचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता), मग स्वल्पविराम, मग १४३३ (एसक्यूएल सर्व्हरचं नेहमीचं पोर्ट) लिहा. इथं कोलन चालत नाही, बरेच जण इथंच चुकतात.

४. युजर-पासवर्ड देऊन 'टेस्ट कनेक्शन' दाबा.

जमलं, तर बिनधास्त सॉफ्टवेअर टाका. नाही जमलं, तर काट्याच्या कॉम्प्युटरवर बघा: एसक्यूएल सर्व्हरच्या मोफत एक्सप्रेस आवृत्तीत टीसीपी/आयपी (नेटवर्कवरून जोडणी घेण्याची सोय) मुळात बंदच असतं. कॉन्फिगरेशन मॅनेजरमधून ते चालू करा, पोर्ट १४३३ ठेवा, सर्व्हिस रीस्टार्ट करा. फायरवॉलमध्येही तेच पोर्ट उघडावं लागतं, पण फक्त ऑफिसच्या आयपीपुरतंच उघडा.

एक सांभाळा: 'पासवर्ड सेव्ह' वर टिक केली तर पासवर्ड त्या फाइलमध्ये उघडा राहतो, नोटपॅडमध्ये कुणालाही वाचता येतो. काम झालं की फाइल डिलीट करा.