प्रोमिथियस बसवताय? आधी लेबलांचा हिशोब करा

प्रोमिथियस (सर्व्हर आणि अ‍ॅप्लिकेशनचे आकडे वेळोवेळी गोळा करून साठवणारं टूल) चालू आहे आणि त्याची कॉन्फिग फाइल तुम्हाला उघडता येते, असं धरून चालतो.

प्रत्येक सर्व्हरवर नोड एक्सपोर्टर, म्हणजे सीपीयू-मेमरीचे आकडे प्रोमिथियसला देणारा छोटा प्रोग्राम, टाका. त्याचं ९१०० पोर्ट इंटरनेटवर उघडं ठेवू नका. कॉन्फिगमध्ये टार्गेट (जिथून आकडे घ्यायचे तो पत्ता) लिहा, स्क्रेप इंटरव्हल (किती वेळाने घ्यायचे) १५ सेकंद ठेवा, प्रोमिथियससोबत येणाऱ्या प्रॉमटूलने फाइल तपासा, रीलोड करा. टार्गेट लाल दिसलं आणि प्रोमिथियस डॉकरमध्ये असेल, तर ‘लोकलहोस्ट’ लिहिलंय का बघा. तिथे लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनरच, तुमचं मशीन नव्हे.

आता अ‍ॅप्लिकेशन. क्लायंट लायब्ररी (अ‍ॅपचे आकडे प्रोमिथियसला देणारा कोड) जोडणं सोपं आहे. माझा सगळा वेळ खाल्ला तो लेबलांनी, म्हणजे आकड्यांना जोडलेल्या रूट, मेथड अशा नाव-व्हॅल्यूच्या खुणांनी. ‘पुढेमागे लागतील, लावून ठेवा’ असं सांगणाऱ्यांनी मेमरी संपून मध्यरात्री आडवा झालेला प्रोमिथियस पाहिलेला नसतो.

लेबलांच्या व्हॅल्यूंची प्रत्येक वेगळी जोडणी म्हणजे एक स्वतंत्र टाइम सिरीज, वेळेनुसार साठवलेली आकड्यांची वेगळी मालिका. २० रूट, ४ मेथड, ५ स्टेटस कोड: झाल्या ४०० जोडण्या. रिस्पॉन्स टाइमला हिस्टोग्राम (वेळेच्या टप्प्यांनुसार, म्हणजे बकेटनुसार, मोजणी) लावलात, तर गो लायब्ररीच्या डिफॉल्ट ११ बकेट, वर अनंताची एक, शिवाय बेरीज आणि मोजणी, म्हणजे प्रत्येकी १४. एकूण ५,६००. इथवर ठीक. त्यात १० हजार ग्राहकांचा यूजर आयडी घातलात की कमाल आकडा ५ कोटी ६० लाख. तेही एकाच सर्व्हरचे.

यूजर आयडी सहसा कुणी मुद्दाम लावत नाही. आयडी शिरतात ते पाथमधून: ‘/ऑर्डर्स/४८२१३’ असा अख्खा पाथ लेबलात गेला की दर ऑर्डरमागे नव्या सिरीज. फ्रेमवर्ककडून रूटचा साचा घ्या, ‘/ऑर्डर्स/:आयडी’. आणि ४०४ (‘पान सापडलं नाही’) विसरू नका! बॉट वाट्टेल ते पाथ ठोकत असतात. कुठल्याच रूटशी न जुळणारं सगळं ‘इतर’ या एकाच व्हॅल्यूत टाका. एरर मेसेजचा मजकूर लॉगमध्ये जाऊ दे, लेबलात नको.

‘कॉन्फिगमध्ये लेबलड्रॉप करा, झालं’ (आकडे घेताना प्रोमिथियसनेच लेबल गाळायचं) हा सल्ला तर ऐकूच नका. लेबल गळलं की वेगवेगळ्या सिरीज एकाच नावाच्या होतात, डुप्लिकेट सॅम्पल टाकून दिले जातात आणि काउंटर खोटे पडतात. दुरुस्ती कोडमध्येच करा.

डिप्लॉयनंतर प्रोमिथियसच्या स्टेटस मेनूतलं टीएसडीबी (त्याचा डेटाबेस) स्टेटस पान उघडा. सर्वांत जास्त व्हॅल्यू असलेली लेबलं तिथे वरती दिसतात. तासाभराने पुन्हा बघा. एखाद्याचा आकडा ट्रॅफिकबरोबर चढतच असेल, तर ते लेबल काढा. आकड्यांचे आलेख दाखवणाऱ्या ग्राफानाचे डॅशबोर्ड त्यानंतर.